तिसरा खटका

आर्डिस ब्रेकेला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नसे. आमच्या नॉर्बी गावात याचं कुणाला नवल वाटत नव्हतं, कारण ते आमच्यापैकी कुणालाच म्हणता येत नाही. एखादी गोष्ट मनापासून आवडली तर आम्ही म्हणतो, ‘वाईट नाही’. अजिबात आवडली नाही तर म्हणतो, ‘वेगळं आहे’. पास्टरनं एका वर्षी चर्चच्या आतल्या भिंतींना जांभळा रंग दिला. रविवारी सगळं गाव रांगेनं त्याच्याशी हात मिळवत बाहेर पडलं आणि प्रत्येकजण म्हणाला, वेगळं आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच पांढरा मारून घेतला. तो इकडचाच, शेजारच्या तालुक्यातला, म्हणून त्याला कळलं. बाहेरचा असता तर आम्ही अजून जांभळ्यात बसून प्रार्थना करत असतो.

मी लोवेल. गावातलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान माझं. एकतीस वर्षं काउंटरच्या मागे उभा आहे, त्यामुळे कुणाच्या ट्रकला काय झालंय ते मला माहीत असतं, आणि त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय तेही बहुतेक वेळा कळतं. आर्डिस शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होती. नंतर तिनं त्याच शाळेत तीस वर्षं मुलांचा स्वयंपाक केला. लग्न केलं नाही. तिच्या भावानंही केलं नाही. हा भाऊ व्हर्लिन, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. आईवडिलांच्या माघारी दोघं शेतावरच्या घरात राहिली, तो शेतात आणि ती शाळेत, आणि संध्याकाळी जेवताना दोघं मिळून दहाएक वाक्यं बोलत असतील.

व्हर्लिन हा आमच्या भागातला पहिल्या नंबरचा मेकॅनिक. धंदा म्हणून नव्हे. पण कुणाचं कापणीयंत्र अडलं की लोक आधी त्याच्याकडे जायचे. मात्र स्वतःचा पाना तो कुणाला हातात घेऊ देत नसे. आर्डिसच्या वाट्याला फक्त उजेडासाठी बॅटरी धरणं यायचं, आणि ती नीट धरली नाही हे ऐकून घेणं. तीस हिवाळे तिनं त्या शेडमध्ये बॅटरी धरली. एकदाही बरोबर धरली नाही, असं व्हर्लिनचं मत.

बारा वर्षांपूर्वी व्हर्लिनची पाठ गेली. त्याच हिवाळ्यात त्यांच्या पिकअप ट्रकचे ब्रेक किंचाळायला लागले. शहर आमच्यापासून सत्तर मैल. तिथल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं ब्रेकचा जो आकडा सांगितला तो ऐकून आर्डिस ट्रक तसाच किंचाळवत परत घेऊन आली आणि माझ्या दुकानात शिरली. काउंटरवर तिनं खजुराच्या वड्यांचा डबा ठेवला, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी अवघड मागणार आहे. मला म्हणाली, ब्रेकचे पॅड दे आणि कसे बसवायचे ते सांग.

मी सांगितलं. तिनं बसवले. दुसऱ्या दिवशी ट्रक पहिल्यापेक्षा मोठ्यानं किंचाळत माझ्या दारात उभा राहिला. दोन पॅड तिनं उलटे बसवले होते, पत्र्याची बाजू आत. मी हसलो. मुद्दाम नाही, पण हसलो. दुकानाच्या दारातच, बर्फात, पुठ्ठा अंथरून तिनं चाक उतरवलं आणि ते सरळ केले. त्यानंतर बारा वर्षांत मला हसायची संधी तिनं दिली नाही.

पाण्याचा पंप झाला. अल्टरनेटर झाला. पुढच्या चाकाचं बेअरिंग झालं, ज्याला मी स्वतः हात लावत नाही. काढलेले बोल्ट ती शाळेतून आणलेल्या केकच्या साच्यात ठेवी, बारा खळग्यांत बारा जातींचे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. लोकांना वाटायचं ती पैसे वाचवते. वाचायचेच. पण एकदा तिनं मला खरं कारण सांगितलं. म्हणाली, “तुम्हाला यातलं काही कळायचं नाही, असं ते लोक सांगतात आणि त्याचेही पैसे घेतात. ते मला देववत नाहीत.”

मग व्हर्लिनची किडनी गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, असं आठवड्यातून तीनदा त्याला शहरात डायलिसिसला न्यायचं, चार तास यंत्रावर बसवायचं आणि परत आणायचं. उणे तीसमध्ये, वाऱ्यात, रस्ता दिसत नसताना सत्तर मैल जा आणि सत्तर मैल या. आर्डिसनं चार हिवाळे एकही फेरी चुकवली नाही. आणि गाडीचं एका पान्याचंही काम बाहेर दिलं नाही. व्हर्लिन घरात खिडकीशी बसून शेडचा दिवा बघायचा. आत काय चाललंय ते तो विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही.

चौथ्या हिवाळ्यात शहरातून पत्र आलं. हॉस्पिटलजवळ म्हाताऱ्यांसाठी बांधलेली इमारत आहे, तिथं व्हर्लिननं कधीतरी नाव घालून ठेवलं होतं. खोली रिकामी झाली होती. तिथली बाई जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी साडेआठला फोन करणार, तेव्हा हो की नाही ते सांगायचं.

आता इथं मला थोडी चीड येते, आणि ती माझ्यावरही येते, म्हणून सगळं सांगतो. व्हर्लिन आर्डिसला म्हणाला, “जागा वाईट नाही म्हणतात.” तिनं आमच्या पद्धतीनं त्याचा अर्थ लावला की याला तिकडे जायची फार इच्छा आहे. म्हणून ती म्हणाली, “तुला बरं वाटेल ते कर.” त्यानं आमच्या पद्धतीनं अर्थ लावला की हिला मी जायला हवा आहे. आणि दोघंही वेगवेगळी माझ्यासमोर बोलली. ती काउंटरवर म्हणाली की त्याला तिथं सोबत मिळेल, इथं काय, माझंच तोंड बघायचं. तो ट्रकमध्ये बसून राहिलेला असायचा, मी त्याला घोटभर कॉफी नेऊन दिली. घोटभरच, कारण त्याला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून मिळतं. तर तो म्हणाला, खोलीच्या खिडकीतून पार्किंग दिसतं, पण तिला तरी मोकळीक मिळेल. जगात हे दोन्ही ऐकणारा मी एकटा होतो. आणि मी काय केलं? दोन्ही वेळा ‘हं’ म्हटलं.

व्हर्लिननं शेवटी निर्णय ट्रकवर टाकला. आमच्याकडे माणसं असे निर्णय हवेवर, पिकावर, नाहीतर गाडीवर टाकतात. म्हणाला, ट्रक तग धरतोय तोवर बघू, ट्रक बंद पडला की मी गेलो. आणि नेमका त्याच डिसेंबरात ट्रक रुसायला लागला. चालता चालता हिसका द्यायचा, वेगाचा काटा धपकन शून्यावर यायचा, आणि मग दुसऱ्या गिअरच्या वर काही केल्या जायचा नाही. बंद करून पुन्हा चालू केला की शहाण्यासारखा वागायचा.

आर्डिसचं म्हणणं पक्कं होतं. “गिअरबॉक्स गेला तर तो रोज गेलेला असतो,” ती मला म्हणाली. “हा फक्त ओल असली की नाटकं करतो. ही वायर आहे.” पण वायरी गिअरबॉक्सच्या माथ्यावरून जातात, तिथं ना हात पोचत ना डोळा. तिनं खालून आरसा लावून पाहिलं, काही दिसलं नाही. सोमवारी तो फोन येणार होता. जायचं तर जाऊ दे, ती म्हणाली, पण माझा ट्रक बंद पडला म्हणून नको. तेव्हा शुक्रवारी व्हर्लिनला यंत्रावर बसवून तिनं मानापमान बाजूला ठेवला आणि ट्रक त्या सर्व्हिस सेंटरला नेला. फक्त त्यांच्या कॉम्प्युटरला काय दिसतं तेवढं विचारायला.

काउंटरवर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण होता, दक्षिणेकडून नुकताच बदलून आलेला. मुलगा वाईट नव्हता, हे मी आमच्या नव्हे, साध्या अर्थानं म्हणतोय. त्यानं कॉम्प्युटर लावला आणि कागद आणून दाखवला: गिअरबॉक्स पूर्ण नवा घालावा लागेल. आकडा ट्रकच्या किमतीहून मोठा होता. आर्डिसनं तो वाचला, चष्मा काढला आणि तिला येत होती ती सर्वांत मोठी शिवी दिली. म्हणाली, “हे वेगळंच आहे.”

“हो मॅडम,” तो खूष होऊन म्हणाला, “यात बरीच सुधारणा केलीय कंपनीनं. आज आमच्याकडे जागा रिकामी आहे, आत्ता उतरवायला घेऊ?”

“तुम्ही कशाला उगीच त्रास घेता,” आर्डिस म्हणाली.

“त्रास कसला मॅडम, तेच तर काम आमचं.”

यावर ती म्हणाली, बरं, मग बघू. नॉर्बीत हे तीन वाक्यांचं बोलणं म्हणजे तोंडावर दार आपटणं आहे. इतकं कडक बोलल्याबद्दल तिला जरा वाईटसुद्धा वाटलं, असं ती मला नंतर म्हणाली. सर्व्हिस सेंटरच्या गाडीनं ती हॉस्पिटलला परत गेली आणि चार तास स्वेटर विणत बसली.

तीन वाजता व्हर्लिनला घेऊन ती ट्रक न्यायला आली, तर ट्रक हवेत आणि गिअरबॉक्स जमिनीवर. दोन माणसांनी जेवणाची सुट्टी न घेता काम केलं होतं. इस्त्रीचा शर्ट हसत पुढे आला, म्हणाला की नवा गिअरबॉक्स मंगळवारी सकाळी पोचतोय.

पुढचं मला व्हर्लिननं सांगितलं. आतून मॅनेजर आला. आर्डिस म्हणाली, काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. मॅनेजर म्हणाला, जुनाच परत बसवायचा असेल तर तोही मंगळवारीच, आणि मजुरी पडेल. त्यापेक्षा नवाच घालून घेऊ ना. व्हर्लिन भिंतीला टेकून उभा होता. डायलिसिसनंतर त्याला उभंही राहवत नाही. आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या गिअरबॉक्सकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली.

व्हर्लिनला वाटलं मागून दुसरंच कुणी बोललं. पण ती पुढे बोलतच होती. “मी सही केलेली नाही. तुम्ही मला हवंय का ते विचारलं नाहीत आणि मी नको ते नीट सांगितलं नाही, तेव्हा चूक निम्मी-निम्मी. तुमच्या निम्म्यात तुम्ही मजुरी सोडा. माझ्या निम्म्यात तो मी बसवीन. आता हा गिअरबॉक्स माझ्या ट्रकमध्ये मागे ठेवा, आणि सगळे बोल्ट एका डब्यात. एकही राहता कामा नये.”

मॅनेजरनं कागद उलटसुलट केला. सही खरंच नव्हती. त्यानं मुकाट्यानं दोन माणसं बोलावली. जाताना त्या तरुणानं आर्डिससाठी दार धरलं आणि विचारलं की मॅडम, मग सुरुवातीलाच का नाही सांगितलंत. ती म्हणाली, “सांगितलं होतं. तुला आमची भाषा येत नाही, आणि मला तुझी आजच आली.”

मला तिचा फोन आला. म्हणाली, “लोवेल, तुला फार काम नसलं तर. घाई काही नाही.” मी दुकानाच्या दाराला कुलूप लावून, गाडीला ट्रेलर जोडून वीस मिनिटांत हायवेला लागलो. आमच्याकडे घाई काही नाही याचा अर्थ आग लागली आहे.

येताना तिघं माझ्या गाडीत दाटीवाटीनं बसलो होतो, मागे ट्रेलरवर त्यांचा ट्रक. मग व्हर्लिन म्हणाला, झालं तर, सोमवारी त्या बाईला हो म्हणून टाकतो. आर्डिस काचेतून बाहेर बघत म्हणाली, “सोमवारला अजून दोन दिवस आहेत.” मी म्हटलं, सोमवारी व्हर्लिनला डायलिसिसला मी सोडतो. ती नको म्हणाली, तुझं दुकान. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा नको. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारलं की माणसं हो म्हणतात, ती रीतच आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं आणि ती तिसऱ्यांदाही नको म्हणाली. त्या दिवशी तिला ते दुसऱ्यांदा जमलं होतं आणि बहुधा चटकही लागली होती.

शनिवारी सकाळी शेडमधला हीटर पेटवून तिनं गिअरबॉक्स टेबलावर घेतला. तासाभरात मला फोन आला की सवड असली तर येऊन बघ. गेलो. गिअरबॉक्सच्या माथ्यावर, जिथं आरशातून काही दिसत नव्हतं, तिथं उंदराचं घरटं होतं. ट्रकच्याच सीटमधला कापूस, सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं, एका हातमोज्याचं बोट. आणि घरट्याखालून जाणाऱ्या चार वायरींची सालटी कुरतडलेली, एक तर दोन तारांवर लोंबत होती. कोरड्या हवेत त्या कशाबशा चालायच्या, बर्फ वितळून पाणी आलं की एकमेकींना चिकटायच्या. एवढा मोठा कॉम्प्युटर लावून सगळा गिअरबॉक्स टाकायला निघाले होते, आणि कारण निघालं उंदीर. आर्डिस इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं.

“त्यांनी काढला नसता तर मला हे कधी दिसलं नसतं,” ती म्हणाली. “त्या मुलाला वड्या पाठवायला हव्यात.”

तिनं वायरींना एकेक करून कथलाचा डाग दिला, वर रबरी नळी चढवली, टेप गुंडाळला. एवढ्यात शेडचं दार उघडलं आणि व्हर्लिन आला, अंगावर घोंगडी, हातात स्वयंपाकघरातली खुर्ची. घरापेक्षा इथं ऊब आहे, असं त्यानं कारण दिलं. घरात ऊबच होती. किडनी गेल्यापासून तो पहिल्यांदा शेडमध्ये आला होता. आर्डिसनं त्याच्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्याच्या हातात बॅटरी दिली.

“इथं धर,” ती म्हणाली. थोड्या वेळानं, “इथं म्हणतेय मी.” आणखी थोड्या वेळानं, “व्हर्लिन, मला बघायचंय, तुला नाही.” त्यानं बॅटरी दोन बोटं सरकवली. मी तोंड फिरवून घेतलं.

रविवारी चर्चनंतर खरं काम होतं. गिअरबॉक्स परत जागेवर चढवायचा. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याचा खालून उचलायचा जॅक मी घेऊन गेलो. यात एक भाग असतो, कन्व्हर्टर, भल्यामोठ्या फुगीर डब्यासारखा. इंजिनची ताकद तोच गिअरबॉक्सला पोचवतो. तो आधी गिअरबॉक्सच्या तोंडात पुरा आत बसवावा लागतो, हातानं फिरवत फिरवत. आत गेला की खटका वाजतो. मला इतकंच माहीत होतं, आणि इतकंच माहीत असलेला माणूस फार धोकादायक असतो.

आर्डिसनं फिरवला. खट्. आणखी फिरवला. खट्. घट्ट बसला. आम्ही गिअरबॉक्स वर चढवला, जागेशी नेला. इंजिन आणि त्याच्यामध्ये बोटभर फट राहिली. मी म्हटलं, बसेल, बोल्ट घाल आणि पान्यानं ओढून घे, आपोआप मिटेल. आर्डिसनं साच्यातून दोन बोल्ट उचलले, एक लावला, पाना चढवला.

“थांब,” व्हर्लिन म्हणाला.

आम्ही थांबलो. तो म्हणाला, “दोनच वाजले.”

मी म्हटलं, दोन म्हणजे पुरे झाले. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. “आतमध्ये तीन जागा असतात,” तो तिला म्हणाला. “दोन खटके सगळ्यांना ऐकू येतात. तिसरा हलका असतो. तो वाजल्याशिवाय बोल्ट ओढलास तर आतला पंप फुटेल. मग खरंच नवा गिअरबॉक्स घ्यावा लागेल.”

गिअरबॉक्स परत खाली घेतला. आर्डिसनं कन्व्हर्टर फिरवला, ढकलला, फिरवला. काही नाही. दहा मिनिटं झाली. तिचे हात दुखायला लागले. तेव्हा व्हर्लिन खुर्चीवरून उठला. बॅटरी माझ्याकडे दिली. डायलिसिसच्या सुयांनी दोरखंडासारखा फुगलेला डावा हात त्यानं तिच्या हातावर ठेवला, आणि दोघांनी मिळून तो डबा हळूच, ढकलायचं सोडून उलट किंचित उचलून फिरवला. कुलपात किल्ली फिरावी इतका बारीक आवाज झाला. माझ्या कानाला तर तो आलाच नाही. त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं.

मी एकतीस वर्षं हे भाग विकतोय. मला लाज वाटली आणि मी ती बोलून दाखवली. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आर्डिस भावाकडे बघत होती.

“मी एकटी असते तर फोडला असता,” ती म्हणाली.

“तू पुन्हा मोजलं असतंस.”

“नसतं मोजलं.”

व्हर्लिन खुर्चीत बसला. बराच वेळ त्याला धाप लागली होती. पण बोल्ट कुठल्या क्रमानं आवळायचे ते तो मधूनमधून सांगत राहिला, आणि आर्डिस मधूनमधून सांगत राहिली की मला माहीत आहे. दोघांना एवढं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. उजेड जायच्या आत तेल भरून झालं. तिनं किल्ली फिरवली, ट्रक सुरू झाला. आवारात दोन फेऱ्या मारल्या, मग रस्त्यावर दोन मैल. त्या वायरींवर तिनं कोमट पाण्याची बादली ओतली आणि पुन्हा दोन मैल गेली. सगळे गिअर लोण्यासारखे पडले. येऊन तिनं ट्रक बंद केला आणि म्हणाली, “वाईट नाही.”

घरी जाताना मी खुशीत होतो. ट्रकनं तग धरला, म्हणजे व्हर्लिन राहिला, असा माझा सरळ हिशोब. सोमवारी सकाळी सव्वाआठला मी तेलाचा एक जादा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. कमी-जास्त झालं तर, असं कारण काढलं. खरं म्हणजे मला तो ‘नाही’ ऐकायचा होता. आवारात ट्रक गरम होत उभा होता. स्वयंपाकघरात व्हर्लिन कोट घालून टेबलाशी बसला होता, आर्डिस त्याच्या दुपारच्या डब्याला झाकण लावत होती.

साडेआठला फोन वाजला. व्हर्लिननं उचलला, थांबा हं म्हणाला, आणि हात फोनवर झाकून धरला.

“ट्रक तर झाला,” तो आर्डिसला म्हणाला.

“झाला.”

“आज झाला. पुढच्या हिवाळ्यात आणखी काही निघेल. तू किती वर्षं त्याच्याखाली झोपणार? तू सहासष्ट वर्षांची आहेस. तो ट्रक काही खरं कारण नव्हतं.”

ट्रकवर टाकलेला निर्णय ट्रकनं परत केला होता. आर्डिसच्या हातात डब्याचं झाकण तसंच होतं. आता ती काय म्हणणार ते मला पाठ होतं. तुला बरं वाटेल ते कर. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. मी तरी बोलायला हवं होतं, दोघांचं मला माहीत होतं. पण मी नॉर्बीचा. मी तेलाच्या डब्यावरचं लेबल वाचत होतो.

“जाऊ नकोस, व्हर्लिन,” आर्डिस म्हणाली. “मला तू घरी हवा आहेस.”

फोनमधून ती बाई हॅलो, हॅलो करत होती. व्हर्लिन बहिणीकडे बघत होता. बहात्तर वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नसावं, आईनंही नाही, कारण तीही इकडचीच होती. मग त्यानं फोन कानाला लावला.

“नाही, बाई,” तो म्हणाला. “खोली दुसऱ्या कुणाला द्या.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं थोडा विचार केला आणि अगदी सावकाश, शब्द नीट लागतोय का ते बघत उत्तर दिलं. “कारण घरी हवा आहे मी.”

त्यानं फोन ठेवला. आर्डिस म्हणाली, उशीर होतोय, टोपी घाल. मी तेलाचा डबा टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन त्यांच्या ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागलो. काच आधीच स्वच्छ होती. पण मला रडू येत होतं, आणि ते काही आम्ही कुणाच्या स्वयंपाकघरात करत नाही.